व्याह्यानं धाडलेलं घोडं

"काहीच न करण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं ना?"

कंपन्यांच्या त्या एकदिवसीय समाजसेवेबद्दल जरा शंका काढली की हे वाक्य अंगावर येतं. एचआरवाले म्हणतात, सीएसआरवाले म्हणतात, आणि अलीकडे तर आमच्यासारख्या संस्थांचे विश्वस्तही मान डोलावत म्हणायला लागलेत. वाक्य मोठं सोयीचं आहे. त्याला विरोध करणारा आपोआप 'काहीच न करणाऱ्यां'च्या रांगेत जाऊन बसतो, आणि मग त्याचं ऐकून घ्यायची गरजच उरत नाही.

मी पुण्यात वस्तीतल्या मुलांचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करते. कंपन्यांकडून येणाऱ्या स्वयंसेवकांचं सगळं माझ्याकडे असतं. तेव्हा हे मत मला नवीन नाही. ते आधी त्याच्या पूर्ण थाटात मांडते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाईंनी सोयीचं तेवढंच उचललं.

मत असं. कंपनीकडे माणसं आहेत, संस्थेकडे काम आहे. दोघांची गाठ घालून दिली की झालं. शनिवारी एक बस येते, चाळीस जण उतरतात, शाळेची भिंत रंगवतात, झाडं लावतात, किनारा साफ करतात, मुलांशी खेळतात. संस्थेला फुकट हात मिळतात, कर्मचाऱ्यांना समाधान मिळतं, कंपनीचं नाव होतं, आणि आज हातात ब्रश धरणारा उद्या देणगीदार होतो. सगळ्यांचाच फायदा, मग नुकसान कोणाचं? ज्यांना यात खोट दिसते ते एक तर खादीच्या झोळीतून बाहेर न आलेले जुनाट लोक, नाहीतर कंपनीचे पैसे हवेत पण कंपनीची माणसं नकोत म्हणणारे कृतघ्न.

झोळी माझ्याकडे नाही. लॅपटॉपची सॅक आहे, ती एका कंपनीनंच दिलेली आहे आणि तिच्यावर त्या कंपनीचं नाव ठळक आहे. कृतघ्नपणाचं पुढे बघू.

आधी ते 'फुकट हात'. चार तासांच्या कार्यक्रमाचा खर्च कोणी मांडत नाही, म्हणून मांडते. दोन आठवडे आधी मेल येते. शाळा आयटी पार्कपासून पाऊण तासाच्या आत हवी, बस आतपर्यंत जायला हवी, स्वच्छतागृह 'वेस्टर्न' असेल तर उत्तम, मुलं किमान साठ तरी हवीत आणि 'ॲक्टिव्हिटी' अकरा ते दोनमध्ये पूर्ण व्हायला हवी. काम काय आहे, हा प्रश्न त्या मेलमध्ये नसतो. काम त्यांचं ठरलेलं असतं; आम्ही त्याला जागा शोधायची.

मुळशीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत अशीच एक भिंत रंगवायची ठरली. भिंतीला चुना होता. चुन्यावर ऑइलपेंट धरत नाही, महिनाभरात पापुद्रे सुटतात. म्हणून गावातला पेंटर आधी दोन दिवस खपला. त्यानं भिंत खरवडली, लांबी भरली, प्रायमर मारला, आणि कंपनीकडून आलेल्या नमुन्यांवरून मुळाक्षरांच्या आणि नकाशाच्या रेघाही आखून ठेवल्या. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते. बस चांदणी चौकात अडकली. बाईंनी मुलं थांबवून ठेवली, स्वागतगीत तीनदा म्हणून घेतलं, आणि लहान मुलांना न्यायला आलेल्या आया फाटकाशी ताटकळल्या. बारा वाजून गेल्यावर चाळीस जण आले. त्यांनी पेंटरच्या रेघांमध्ये रंग भरला, फोटो काढले, पुरीभाजी खाल्ली आणि गेले. नमुने कुठल्यातरी वेबसाइटवरून उतरवलेले होते. त्यामुळे भिंतीवर 'ल' उमटला तो हिंदी वळणाचा, आणि महाराष्ट्राच्या नकाशात पालघर जिल्हा नव्हता, म्हणजे नकाशा १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा. सोमवारी पेंटर ओघळ पुसायला आणि 'ल' सुधारायला परत आला. पालघर त्यानं अंदाजानं घातला. त्याची मजुरी कोणी दिली? आम्ही.

त्या पेंटरला पहिल्या दिवशीच सरळ काम दिलं असतं तर भिंत चांगली झाली असती, गावच्या माणसाला आणखी दोन दिवसांची मजुरी मिळाली असती आणि मुलं वेळेवर घरी गेली असती. पण मग बस कुठे नेणार?

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण ज्यानं केली त्याच्या दारात नक्की कधीतरी चाळीस जणांची बस थांबली असणार. घोडं देखणं असतं, व्याही मोठा असतो, परत पाठवायची सोय नसते, आणि वैरण मात्र आपण आणायची.

झाडांचं तर विचारूच नका. जुलैत रोप खड्ड्यात ठेवायला पाच मिनिटं लागतात. खड्डे मजुरांनी आधीच खणून ठेवलेले असतात. पुण्याचा पाऊस फार तर ऑक्टोबरात परततो. तिथून पुढच्या जूनपर्यंत त्या रोपाला पाणी कोण घालणार, शेळ्यांपासून कोण राखणार, फेब्रुवारीत टेकडीला वणवा लागला की कोण धावणार? त्या आठ महिन्यांसाठी नाव नोंदवणारा स्वयंसेवक मला अजून भेटायचा आहे. त्यात पुण्याभोवतीचे, पुढे सोलापूरपर्यंतचे कितीतरी माळ मुळातच गवताळ आहेत. लांडगा, चिंकारा, खोकड यांचं ते घर. तिथं सरसकट झाडं खुपसल्यानं त्या माळाचं नुकसानच होतं, हे अभ्यासक घसा कोरडा करून सांगतायत. पण नुसत्या गवताबरोबर ग्रुप फोटो चांगला येत नाही.

मग तासांचं गणित पुढे येतं. पाचशे कर्मचारी गुणिले चार तास म्हणजे दोन हजार तास समाजसेवा. गुणाकार बिनचूक आहे. सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या हजार कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केल्यापासून असे आकडे सगळ्यांनाच हवेहवेसे झालेत. पण दोन हजार वेगवेगळ्या तासांत एक तरी मूल वाचायला शिकेल का? चौथीतल्या मुलाला जोडाक्षर अडतं तेव्हा त्याला तोच माणूस पुढच्या मंगळवारी पुन्हा लागतो, आणि त्याच्या पुढच्या मंगळवारीही. पाचशे अनोळखी काका-मावशा एकेक दुपार येऊन गेल्यानं त्याच्या वाचनात काडीचा फरक पडत नाही. फार तर तो पाहुण्यांसमोर गाणं म्हणण्यात तरबेज होतो.

तासांचीच गोष्ट करायची तर राष्ट्रीय सेवा योजनेकडे बघा. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत कॉलेजातलं पोरगं वर्षाला १२० तास काम करतं, दत्तक गावात सात दिवस शिबिराला राहतं, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपतं, पाळी आली की सगळ्यांचा वरणभात रांधतं. त्याच्या पदरात पडतं एक प्रमाणपत्र. वर्षाला चार तास देणाऱ्याला मात्र छातीवर 'चेंजमेकर' लिहिलेला टी-शर्ट मिळतो.

यावर कोणीतरी कायदा काढतो. "कायद्यानंच सांगितलंय, आम्हाला करावंच लागतं." कायद्यानं काय सांगितलंय ते एकदा वाचलेलं बरं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करायचे. हे कलम खर्चाचं आहे. बस, बॅनर आणि टी-शर्ट यांची सक्ती त्यात कुठेही नाही. उलट जून २०१४ च्या एका परिपत्रकानं, कर्मचारी स्वयंसेवकांनी सीएसआरच्या कामात घातलेल्या वेळेचा पगार सीएसआर खर्चात धरायची मुभा दिली होती, ती त्याच वर्षी सप्टेंबरात काढून घेतली. जानेवारी २०१६ च्या खुलाशात कंपनी व्यवहार मंत्रालयानं सांगितलं की कर्मचाऱ्यांना जरूर सामील करून घ्या, पण त्यांच्या सेवेची किंमत लावून ती या खर्चात दाखवता येणार नाही. केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे कार्यक्रमही नियमांनी सीएसआरच्या बाहेर ठेवले आहेत.

मग या शनिवारांचा खर्च जातो कुठे? बहुतेक ठिकाणी एचआरच्या खात्यात, 'एंगेजमेंट' या सदराखाली. दिवाळीची रांगोळी स्पर्धा, विभागवार क्रिकेट आणि वार्षिक सहल ज्या सदरात, त्याच सदरात आमची शाळाही. यात लपवाछपवी नाही, वहीत सरळ लिहिलेलं असतं. फक्त आमच्यापुढे बोलताना कोणी ती वही उघडत नाही. आमच्यापुढे 'समाजाला परत देणं' असतं.

समाधानाचा मुद्दा याच्याच पाठीला पाठ लावून येतो, आणि त्याला हल्ली संशोधनाचा टेकूही मिळालाय. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी कंपन्या जे जे करतात, ध्यानाची ॲप्स, ताण सोसायला शिकवणारे वर्ग वगैरे, त्यातल्या बहुतेकांचा फ्लेमिंग यांना काही उपयोग दिसला नाही. एका गोष्टीचा मात्र थोडासा दिसला: स्वयंसेवेचा. हा निष्कर्ष आता या धंद्यातल्या सल्लागारांच्या सादरीकरणात मानानं बसेल.

बसू दे. मी तो मान्य करते. पण मग उपकार कोणाचे कोणावर? वस्तीतल्या मुलांबरोबर दुपार घालवून तुमच्या माणसांचं मन हलकं होत असेल, त्यामुळे ती नोकरी सोडून जात नसतील, तर आमची मुलं तुमच्या एचआर विभागाचं काम करतायत. ध्यानाच्या ॲपला वर्गणी भरता ना? समुपदेशकाला फी देता ना? मग ज्या एकाच उपायाचा उपयोग दिसलाय तोच तेवढा फुकट का? त्या मुलांनी, त्यांच्या ताईनं आणि शाळेच्या शिपाईमामांनी आपला शनिवार दिला, त्याची पावती कुठे आहे?

समाधानाच्या मागोमाग 'जाणीव' येते. "आमची मुलं काचेच्या इमारतीत वाढलेली, त्यांना खरं जग दिसतं." कार्यक्रमानंतर अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतात, ते माझ्याकडेही येतात. त्यात एक वाक्य इतक्या वेळा येतं की ते आधीच छापून ठेवलं तरी चालेल: यांच्याकडे बघून कळलं, आपण किती सुखी आहोत. लिहिणाऱ्याचं मन वाईट नसतं, हे मला माहीत आहे. पण नऊ वर्षांच्या मुलीनं आपलं दारिद्र्य मांडून बसायचं ते कोणाला तरी स्वतःच्या फ्लॅटची किंमत कळावी म्हणून? आणि ती मुलगी काही आंधळी नसते. बस गेल्यावर आमच्या वर्गातल्या एकीनं विचारलं होतं, "ताई, ते दादा आपल्याला सारखे सॉरी का म्हणत होते?" मला उत्तर सुचलं नाही.

फोटोंबद्दल तर कायदाच आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असं काहीही, नाव, पत्ता, शाळा, चित्र, प्रसिद्ध करायला मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बालगृहातल्या मुलाला कडेवर घेऊन काढलेला सेल्फी रात्री लिंक्डइनवर टाकणाऱ्यांना हे सांगितलं की ती सद्भावना एकदम दुखावते. "आम्ही तर चांगल्या हेतूनं..." कलमात हेतूबद्दल काही नाही.

आणि खरं जगच बघायचं असेल तर त्यासाठी बस कशाला? लिफ्टनं तळमजल्यावर उतरायचं. तिथं कंत्राटदाराच्या कागदावर काम करणारी, फरशी पुसणारी मावशी आहे. तिचा भविष्यनिर्वाह निधी वेळेवर भरला जातो का? फाटकावरच्या वॉचमनची ड्युटी आठ तासांची की बाराची? दिवाळीचा बोनस कंत्राटी माणसांना मिळतो का? कंपनीच्या कँटीनमध्ये ओला-सुका कचरा वेगळा होतो का? जाणीव जागी करायला इतकं पुरेसं आहे, फक्त त्या जाणिवेचा खर्च मग कंपनीला येतो. पाऊचमधून माल विकणाऱ्या कंपनीनं आपली माणसं किनाऱ्यावर तेच पाऊच वेचायला पाठवावीत, त्यांनी हातमोजे घालून फोटो काढावेत, आणि सोमवारी कारखान्यातून पुन्हा तेच पाऊच निघावेत, याला जाणीव म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे.

आता कृतघ्नपणा. "संस्थांची कधी तक्रार नसते," असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे. आम्ही तक्रार करत नाही. कशी करणार? जी कंपनी शनिवारी बस पाठवते तीच मार्चमध्ये आमच्या तीन ताईंच्या मानधनाचा चेक देते. बसला नाही म्हटलं तर चेकला काय होईल, हे कोणी बोलून दाखवत नाही. बोलून दाखवायची गरज नसते. आलेल्या मेलला आमच्याकडून उत्तर जातं: "तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत आहे." ते मीच लिहिते. शेवटी एक हसरा चेहराही टाकते. मग कंपनी अहवालात लिहिते, संस्थेच्या मागणीनुसार. अशा हसण्याला संमती समजणाऱ्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. पुढच्या तीन वर्षांचा निधी आधी लेखी द्यावा आणि मग विचारावं, यंदा चाळीस जण पाठवू का? किती संस्था हो म्हणतात ते मोजावं. हा आकडा मात्र अहवालात जरूर छापावा.

इतकं झालं की प्रतिपक्ष शेवटचं अस्त्र काढतो: परंपरा. आपला महाराष्ट्र श्रमदानाचा, गाडगेबाबांचा, बाबा आमट्यांचा. त्याच मातीत हे रुजलंय म्हणे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला त्याच्या घाणीबद्दल, व्यसनांबद्दल, कर्जाबद्दल, बोकड कापण्याबद्दल खडसावत. गावाला खडसावायचा हक्क त्यांनी खराट्यानं कमावलेला होता. त्यांच्या स्वागताला मुलं उन्हात उभी करावी लागत नसत. आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत पोरं चंद्रपूरच्या मे महिन्यात जाऊन राहतात, पहाटे उठून कुदळ मारतात. वातानुकूलित बसमधून उतरून तीन तासांत परत बसमध्ये चढणाऱ्यांनी ही नावं घेताना थोडं अडखळायला हवं.

मग कोणी पानी फाउंडेशनचं उदाहरण देतो. १ मे २०१८ ला शहरातली माणसं 'जलमित्र' होऊन हजारोंनी गावोगाव श्रमदानाला गेली, एकाच दिवसासाठी गेली, तेव्हा बरं चाललं? चाललं, आणि का चाललं तेही सांगते. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेली फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा तोवर ७५ तालुक्यांत पोचली होती. प्रत्येक गावचे गडी आणि बाया आधी प्रशिक्षण घेऊन आलेले होते. शिवार फिरून माथा ते पायथा कामं ठरलेली होती. चरांची आखणी फक्कीनं झालेली होती. ४५ दिवसांच्या स्पर्धेत गाव ८ एप्रिलपासून स्वतः खणत होतं. शहरातला पाहुणा आला, त्याच्या हातात घमेलं दिलं, त्यानं जमेल तेवढी माती उचलली आणि तो गेला. २ मेला सकाळी गाव पुन्हा टिकाव घेऊन हजर होतं. काम गावाचं होतं, आराखडा गावाचा होता, पाहुणा आला नसता तरी चर खणला गेलाच असता. मुंबईतल्या वर्सोवा किनाऱ्याचंही तेच. अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये किनारा साफ करायला सुरुवात केली ती एका शेजाऱ्याला बरोबर घेऊन, आणि मग दर आठवड्याला, वर्षानुवर्षं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्रास देणाऱ्यांना आणि प्रशासनाच्या ढिलाईला कंटाळून त्यांनी काम थांबवलं, तर किनाऱ्यावर कचरा पुन्हा साचला. जे काम थोडा काळ थांबलं तरी मागे जातं, ते वर्षातून एकदा करून काय साधणार?

कंपन्यांना हे कळत नाही असंही नाही. टाटा समूहाच्या 'टाटा एंगेज'मध्ये वर्षातून दोनदा स्वयंसेवा सप्ताह होतात, त्यांना माझे वरचेच प्रश्न लागू आहेत. पण त्यातच 'प्रोएंगेज' नावाचा एक भाग आहे, ज्यात कर्मचारी आपलं रोजचं कौशल्य घेऊन नोकरी सांभाळून सहा महिने एका संस्थेच्या एकाच ठरलेल्या कामावर राहतो. आयबीएमनं २००८ पासून छोट्या छोट्या तुकड्या महिनाभरासाठी परदेशी पाठवून स्थानिक संस्थांची अडलेली कामं करायला लावली. म्हणजे रस्ता माहीत आहे. तो लांबचा आहे, त्यात गर्दी कमी दिसते आणि मॅनेजरला आपला माणूस कामाच्या दिवशी सोडावा लागतो, एवढीच त्याची अडचण.

आमची अडचण काय आहे ते एकदा विचारून तरी बघा. ३१ मेच्या आत देणगीदारांची माहिती फॉर्म १०बीडीमध्ये आयकर खात्याला द्यायची असते; एका पॅन नंबरमधलं एक अक्षर चुकलं तर त्या देणगीदाराची सवलत अडकते. आमच्या हिशेबाच्या ताई मे महिनाभर त्यात बुडालेल्या असतात. ज्या कंपनीत मजलाभर चार्टर्ड अकाउंटंट बसतात, तिनं आमच्याकडे त्यातलेच वीस जण पाठवले होते, मुलांच्या वाढदिवसाचे फुगे फुगवायला. त्यांतल्या एकाला मी हळूच विचारलं, टॅलीचं जरा बघाल का? त्याला आनंदानं बघायचं होतं. पण त्या दिवशीच्या 'ॲक्टिव्हिटी'त ते बसत नव्हतं, आणि समन्वयक मुलगी घड्याळ दाखवत होती.

दुसरा एक जण आपल्या मनानं आला. डेटाचं काम करणारा. पहिल्या काही बुधवारी त्यानं काहीच केलं नाही, नुसता ताईंशेजारी बसून त्या हजेरी कशी लिहितात ते बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की एकच मूल तीन वर्गांत तीन स्पेलिंगनी नोंदलं गेलंय. त्यानं ताईंना मोबाइलवर मराठीत भरता येईल अशी सोपी नोंदवही करून दिली, ती बिघडली की येऊन दुरुस्त केली, आणि ती वापरणं ताईंच्या अंगवळणी पडेपर्यंत येत राहिला. कोणतं मूल वर्गातून गळतंय ते आता आम्हाला महिन्याच्या आत कळतं. त्याच्या कंपनीत त्याचा एकही तास मोजला गेला नाही, कारण तो मंजूर झालेल्या कार्यक्रमाचा भाग नव्हता. त्याच वर्षीचा 'उत्कृष्ट स्वयंसेवक' पुरस्कार तिथं भिंत रंगवणाऱ्या गटाला मिळाला.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला सरळ उत्तर देते. होय, काहीच न करणं बरं. पुसून पुन्हा लिहावा लागणारा 'ल' लिहिण्यापेक्षा बरं, गवताच्या माळावर झाड खुपसण्यापेक्षा बरं, मुलांना गाणं घोकायला लावून उन्हात थांबवण्यापेक्षा तर फारच बरं. तुम्ही काहीच न केलंत तर आमचा शनिवार आम्हाला मिळतो, आणि तो आम्हाला हवा आहे.

आणि करायचंच असेल तर चाळीस जण नकोत. दोघं पाठवा. शनिवारी नको, बुधवारी, ऑफिसच्या वेळेत, त्यांच्या मॅनेजरला सांगून. एका दुपारसाठी नको, सहा महिन्यांसाठी. जे काम त्यांना येतं आणि ज्याचा तुम्ही त्यांना पगार देता, तेच त्यांना आमच्याकडे करू द्या. रंगाचं काम पेंटरला येतं. त्यांना शिकवायला, सांभाळायला आमच्या माणसाचा जो वेळ जाईल त्याचे पैसे द्या, तुमच्या सल्लागाराला देता तसेच, बिल मागवून. कॅमेरा घरी ठेवा. आणि आम्ही नाही म्हटलं तर पुढच्या वर्षीच्या निधीवर त्याचा परिणाम होणार नाही, हे करारात लिहून द्या. बोलण्यात नको, करारात. यातलं काहीच जमणार नसेल तर तुमच्या माणसांना पानशेतला न्या, चांगलं जेवू घाला, पोहू द्या, आणि त्याला सहल म्हणा. सहलीत वाईट काही नाही. पण आमच्याकडे यायचं असेल तर तारीख, बस आणि टी-शर्टचा रंग ठरवायच्या आधी फोन करून विचारा, काम काय आहे. आणि "सध्या काही नाही" असं उत्तर आलं, तर बस पाठवू नका.